वंश कोणता घेऊ? रोल-प्लेइंग गेममधल्या वंशनिवडीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा गेम सुरू केला की पहिल्याच पडद्यावर गाडी अडते. एल्फ, ऑर्क, ड्वार्फ, शिंगवाले, शेपटीवाले, खवल्यांचे, आणि कोपऱ्यात आपला साधा माणूस. फोंड्यापासून पेडण्यापर्यंत खेळणाऱ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर स्कायरिम (२०११) आणि बाल्डर्स गेट ३ (२०२३) या दोन गेमवर आहे, बाकीचे ओघात येतील. आकडे मॉड (चाहत्यांनी केलेले फेरबदल) न घातलेल्या मूळ गेमचे आहेत.

‘रेस’ला मराठीत काय म्हणायचं? वंश, जात की जमात?

इथे ‘वंश’ वापरला आहे. ‘रेस’ म्हटलं की घरच्यांना गाड्यांची शर्यत वाटते. ‘जात’ मात्र कटाक्षाने टाळा. जात ही माणसांनी माणसांवर लादलेली वाटणी. गेममधला ड्वार्फ आणि ड्रॅगनबॉर्न यांच्यात फरक शरीराचाच असतो: एकाला अंधारात दिसतं, दुसऱ्याच्या तोंडातून आग निघते. दोन्हींना एकच शब्द लावला की मुलं शाळेत नको ते बोलून बसतात.

वंशांची नावं भाषांतरित करण्याच्या फंदात पडू नये. एल्फ म्हणजे परी नव्हे आणि ऑर्क म्हणजे राक्षस नव्हे. कुणी हौसेने एल्फला ‘देवचार’ म्हणतात. ऐकायला झकास, पण बसत नाही. आपला देवचार गावचा राखणदार. त्याची हद्द ठरलेली, त्याचा रोट नि सोरो (दारू) ठरलेला, आणि तो रात्री एकटा फिरतो. एल्फांची शहरं असतात, राज्यं असतात, आपसातली पिढीजात भांडणं असतात. ते अख्खं लोक आहे.

वंश आणि क्लास यांत फरक काय?

वंश म्हणजे जन्माने मिळालेलं शरीर, क्लास म्हणजे शिकलेला धंदा. ड्वार्फ हा वंश, जादूगार हा क्लास. काही गेममध्ये दोन्ही हवे तसे जुळवता येतात, काहींत नाही. त्याचं उत्तर खाली आहे.

चुकीचा वंश घेतला तर पुढचे साठ-सत्तर तास वाया जातात का?

नाही. भीती वाटते ती सुरुवातीच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यांची, आणि तेच आकडे सगळ्यांत लवकर निरर्थक होतात.

स्कायरिमचंच घ्या. १० वंश आहेत आणि एकूण १८ कौशल्यं. प्रत्येक कौशल्य १५ पासून सुरू होतं. वंशामुळे एका कौशल्याला १० जास्त मिळतात आणि पाच कौशल्यांना ५-५. म्हणजे कुठलाही वंश घ्या, बेरीज ३५ च. वूड एल्फची तिरंदाजी २५ पासून सुरू होते आणि ऑर्कची १५ पासून. पण खालच्या पातळ्या भराभर चढतात. ऑर्कच्या हातात धनुष्य देऊन दोन-चार गुहा साफ केल्या की तोही पंचविशीत येतो. कौशल्य १०० पर्यंत जातं हे लक्षात घेतलं तर सुरुवातीचे दहा गुण म्हणजे शर्यतीत दोन पावलं पुढे उभं राहण्यासारखे.

आपोआप भरून निघत नाही अशा गोष्टी वेगळ्या. पात्र किती लांब चालतं, अंधारात दिसतं का, काय घालता येतं नि काय येत नाही, कशाचा मार कमी बसतो, आणि समोरचा तुमच्याशी कसा बोलतो. वंश निवडताना नजर तिथे ठेवावी. कौशल्यांचे आकडे वाचलेच नाहीत तरी चालेल.

स्कायरिममध्ये मग कोणता वंश खरोखर वेगळा पडतो?

ब्रेटन आणि ऑर्क. बाकीचे चवीचे.

ब्रेटनला जादूविरुद्ध २५ टक्के संरक्षण जन्मापासून आणि कायमचं मिळतं. (याच मालिकेतल्या आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये हेच ५० टक्के होतं.) या संरक्षणाची कमाल मर्यादा ८५ टक्के आहे. तिथे पोचायचा हिशेब असा: लॉर्ड स्टोन या वर देणाऱ्या दगडाचे २५, आल्टरेशन कौशल्यातल्या मॅजिक रेझिस्टन्स या पर्कच्या (कौशल्यात निवडून घ्यायच्या खुबीच्या) तिन्ही पायऱ्यांचे मिळून ३०, मारा देवीच्या मंदिराचं काम पुरं केल्यावर १५. झाले ७०. दुसऱ्या वंशाच्या पात्राला उरलेले १५ मंतरलेल्या अंगठीतून किंवा ढालीतून आणता येतात. ब्रेटनचे मात्र लॉर्ड स्टोन न धरताही ७० होतात, म्हणजे त्याला तो दगड सोडून दुसरा घेता येतो. शेवटच्या टप्प्यात फायदा एवढाच. पण पहिल्या वीस तासांत, जेव्हा जादूगारांच्या विजेने पात्र पटापट मरतं, तेव्हा हे २५ टक्के सोन्याच्या मोलाचे. नवख्याने काय घ्यावं असं कुणी विचारलं तर उत्तर ब्रेटन. मग हातात तलवार असो की जादू.

ऑर्कची बर्सर्कर रेज ही शक्ती ६० सेकंद चालते. त्यात ऑर्कला मार निम्मा बसतो आणि त्याचा वार दुप्पट लागतो. दिवसातून एकदाच वापरता येते, पण तो दिवस गेममधला. गेमचं घड्याळ आपल्यापेक्षा २० पट जोरात धावतं, त्यामुळे २४ तास म्हणजे आपली ७२ मिनिटं. वेट बटण दाबून २४ तास थांबलात तर लगेच. शिवाय ऑर्कांच्या गढ्यांमध्ये ऑर्कला सरळ प्रवेश मिळतो. इतरांना आधी त्यांच्यासाठी जादूचे हातमोजे शोधून आणावे लागतात.

हाय एल्फला ५० मॅजिका (मंत्रांना लागणारी शक्ती) जादा मिळतात. सुरुवातीला मॅजिका १०० असते, म्हणजे थेट दीडपट, आणि शुद्ध जादूगार खेळायचा असेल तर पहिले काही तास फार सुखाचे जातात. नॉर्डला थंडीविरुद्ध ५० टक्के आणि डार्क एल्फला आगीविरुद्ध ५० टक्के संरक्षण आहे. डार्क एल्फचं कौतुक व्हॅम्पायर झाल्यावर कळतं: रक्त न पिता राहिलेल्या व्हॅम्पायरला आगीचा मार ५० टक्के जास्त बसतो, तो इथे बरोबर फिटतो. रेडगार्डला विषाविरुद्ध ५० टक्के. इम्पीरियलला पेट्यांमध्ये थोडं जास्त सोनं सापडतं, आणि सोनं या गेममध्ये कधीच कमी पडत नाही, तेव्हा काय बोलायचं.

खजीत (मांजरासारखा वंश) घेतला तर शहरात सोडत नाहीत म्हणे?

सोडतात. वेशीबाहेर तंबू ठोकून बसलेले खजीत व्यापारी दिसतात, त्यांना शहरात बंदी असल्याचं तेच सांगतात, आणि त्यावरून हा समज पसरला आहे. खेळाडूच्या पात्राला ती बंदी लागू नाही. टोमणे मात्र ऐकावे लागतील.

खजीत आणि सरड्यासारखे आर्गोनियन यांची अडचण होती ती याच मालिकेतल्या मॉरोविंडमध्ये (२००२). तिथे या दोघांना बूट आणि चेहरा झाकणारी शिरस्त्राणं घालता येत नसत. स्कायरिममध्ये ती अट नाही. उलट खजीतच्या नख्यांमुळे रिकाम्या हाताचा ठोसा जास्त लागतो. ठोशावरच खेळायचं असेल तर हेवी आर्मर कौशल्यातला फिस्ट्स ऑफ स्टील पर्क घ्या, त्याने लोखंडी हातमोज्याचं मूळ आर्मर मूल्य ठोशात मिळवलं जातं. अंधारात पाहण्याची नाइट आय शक्तीही दिवसातून कितीही वेळा वापरता येते. बाकी वंशांच्या शक्तींना एकदाचं बंधन आहे.

बाल्डर्स गेट ३ मध्ये ताकद, बुद्धी वगैरे वंशावर ठरतं का?

नाही, आणि जुन्या खेळाडूंचा इथेच गोंधळ उडतो. सहा मूळ गुणांवर वाटायला २७ पॉइंट मिळतात, प्रत्येक गुण ८ ते १५ मध्ये ठेवता येतो, आणि वर एकाला २, दुसऱ्याला १ असे जादा. हे तीन गुण कुठे टाकायचे ते तुम्ही ठरवता, वंश नाही. त्यामुळे हाफ-ऑर्क जादूगाराची बुद्धीही १७ पासून सुरू होते आणि हाय एल्फ जादूगाराचीही. ‘हा वंश या क्लाससाठी वाईट’ हे वाक्य या गेममध्ये निकालात निघालं.

आता उरतात त्या कायमच्या गोष्टी, आणि इथे थोडं थांबून बघायला हवं.

चाल: बहुतेक वंश एका पाळीत ९ मीटर चालतात. ड्वार्फ, नोम आणि हाफलिंग ७.५ मीटर. वूड एल्फ आणि वूड हाफ-एल्फ १०.५ मीटर. दीड मीटरने काय होतं, असं वाटतं. समजा धनुर्धारी गॉब्लिन तुमच्यापासून १० मीटरवर उभा आहे आणि हातात तलवार आहे, जी दीड मीटरपर्यंत पोचते. माणूस ९ मीटर चालला, दीड मीटर हात लांबवला, १०.५ झाले, वार बसला. हाफलिंग ७.५ आणि दीड, ९ वर अडकला. आता त्याला एक तर वार सोडून धावावं लागणार, नाही तर पाळीतली छोटी जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खर्चून उडी मारावी लागणार. उडीला चालीतले ३ मीटरही जातात, आणि ताकद कमी असेल तर ती उडी पुरणार नाही. असं प्रत्येक लढाईत पहिल्या पाळीला होतं. इलाज स्वस्त आहे: लाँगस्ट्रायडर हा मंत्र. लढाईबाहेर म्हटला तर मंत्राची जागा खर्च होत नाही, चाल ३ मीटरने वाढते आणि पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत टिकते. पार्टीत बुटका असेल तर रोज सकाळी हा मंत्र म्हणायची सवय ठेवा.

अंधार: माणूस, हाफलिंग, ड्रॅगनबॉर्न आणि गिथयांकी यांना अंधारात दिसत नाही. बाकी बहुतेकांना १२ मीटरपर्यंत दिसतं. ड्राउ, डुएर्गार आणि डीप नोम यांना २४ मीटर. अंडरडार्क या भुयारी प्रदेशात गेल्यावर ‘माझे बाण का लागत नाहीत’ म्हणून जी ओरड होते, तिचं कारण बहुधा हेच. लक्ष्य अंधारात असेल तर न दिसणाऱ्याच्या नेमावर वाईट परिणाम होतो. मशाल पेटवा किंवा कुणाकडून तरी लाइट मंत्र टाकून घ्या.

चिलखत: हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित. माणसाला आणि हाफ-एल्फला हलकं चिलखत नि ढाल वापरता येते, क्लास कुठलाही असो. शील्ड ड्वार्फला आणि गिथयांकीला मध्यम चिलखत चालतं. आता जादूगार घ्या. त्याला एरवी काहीच घालता येत नाही. मेज आर्मर मंत्राने त्याचं संरक्षण १३ अधिक चपळाईचा बोनस होतं. चपळाई १४ असेल तर बोनस २, म्हणजे १५. हाच जादूगार माणूस असला तर डाव्या हातात ढाल येते, आणखी २, झाले १७. तेच शील्ड ड्वार्फने हाफ प्लेट हे मध्यम चिलखत घातलं तर १५ अधिक २, म्हणजे १७, मंत्र खर्च न करता.

यात दोन चुका होतात. पहिली: फायटर किंवा पॅलॅडिनसाठी या कारणाने माणूस किंवा शील्ड ड्वार्फ घेणं. त्यांना सगळी चिलखतं आणि ढाली क्लासमुळे आधीच येतात, म्हणजे वंशाचं देणं फुकट गेलं. दुसरी: ‘घालता तर येतंय’ म्हणून एल्फ जादूगाराला लोखंडी चिलखत चढवणं. गेम अडवत नाही, पण येत नसलेलं चिलखत अंगावर असेपर्यंत एकही मंत्र म्हणता येत नाही. मंत्रांची चिन्हं करडी झाली की आधी अंगावर काय आहे ते बघा.

हाफलिंगचं नशीब खरंच एवढं मोठं आहे का?

२० बाजूंचा फासा १ वर पडला की हाफलिंगला तो परत टाकायला मिळतो. या गेममध्ये संभाषणातल्या चाचणीतही १ म्हणजे हमखास अपयश, कौशल्य कितीही चांगलं असो. साध्या पात्राला हे २० पैकी एकदा, ५ टक्के. हाफलिंगला दोनदा लागोपाठ १ पडायला हवा, म्हणजे ४०० पैकी एकदा. गप्पा मारून, खिसे कापून, कुलपं उघडून खेळणाऱ्याला हा सर्वांत चांगला वंश. एक लक्षात ठेवा: कर्मिक डाइस नावाची सेटिंग गेममध्ये आधीपासून चालू असते आणि ती लागोपाठच्या अपयशाला आळा घालते. ती चालू असेल तर हे हिशेब काटेकोर लागणार नाहीत. आपलं कर्मफल तिथेही पाठ सोडत नाही.

नोमचं देणंही असंच कायमचं: बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव यांवरच्या बचावात दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा. जिथे वाचण्याची शक्यता ५० टक्के, तिथे ती ७५ होते. मनावर ताबा मिळवणाऱ्या शत्रूंसमोर हे फार उपयोगी.

हाफ-ऑर्कचं मात्र जरा जास्तच गायलं जातं. जबर वार, म्हणजे क्रिटिकल, लागला की शस्त्राचे फासे दुप्पट न होता तिप्पट होतात. ग्रेटअ‍ॅक्सचा एक फासा १२ चा, सरासरी ६.५. म्हणजे क्रिटिकलला १३ ऐवजी १९.५. पण क्रिटिकल लागतो २० पैकी एकदा, तेव्हा दर वारामागे सरासरी वाढ सुमारे ०.३. दोन फासे टाकून हल्ला करणाऱ्या बार्बेरियनला क्रिटिकल ९.७५ टक्के वेळा लागतो, तिथे ती दुपटीच्या जवळ जाते, तरीही थोडीच. हाफ-ऑर्क घ्यावा तो त्याच्या दुसऱ्या गुणासाठी: मरायच्या वेळी शून्याऐवजी १ हिट पॉइंटवर (जीव जेमतेम उरून) उभा राहतो, दर मोठ्या विश्रांतीत एकदा. गोल्ड ड्वार्फला दर लेव्हलला एक हिट पॉइंट जादा मिळतो. बाराव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला १२.

वंशामुळे संभाषण बदलतं का?

बाल्डर्स गेट ३ मध्ये बरंच. ड्राउ पाहिला की गॉब्लिन बिचकतात आणि वाट देतात. गिथयांकी असाल तर डोंगराकडच्या पुलावरच्या गस्तीशी वेगळंच बोलणं होतं. टीफलिंग असाल तर वनातले निर्वासित तुम्हाला आपल्यातलं समजतात.

फक्त एक नियम: वंशाचे पर्याय जो बोलायला पुढे होतो त्यालाच दिसतात. मागे उभ्या ड्राउ मित्राचा काही उपयोग नाही. वेशीवर पोचलात की आधी बोलणारा बदला, मग पुढे व्हा. शॅडोहार्ट, लेझेल, अ‍ॅस्टेरियन अशा तयार पात्रांपैकी एक म्हणून खेळलात तर त्यांचा वंश ठरलेला असतो. डार्क अर्ज हे तयार पात्र अपवाद. तो पांढरा ड्रॅगनबॉर्न म्हणून समोर येतो, पण बदलता येतो.

चतुर्थीच्या सुट्टीत आम्ही चौघं एकत्र खेळणार आहोत. वंश कसे वाटून घ्यावेत?

बाल्डर्स गेट ३ चौघांना एकत्र खेळता येतो, तेव्हा अडचण नाही. सर्वांनी वेगळे वंश घ्यावेत, कारण मग चार प्रकारची दारं उघडतात. निदान दोघांना अंधारात दिसायला हवं. एक जण ठरवून बोलका. दोघे बुटके आणि दोघे वूड एल्फ अशी जोडी मात्र टाळा: एका पाळीत निम्मी पार्टी शत्रूच्या गळ्याशी आणि निम्मी मागे राहते, आणि पुढचे दोघे एकटे मार खातात.

उतरवून घ्यायला वेळ ठेवा. गेम सुमारे १५० जीबीचा आहे. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी ३ तास २० मिनिटं लागतात, आणि सुट्टीच्या संध्याकाळी ती पूर्ण वेगाने चालत नाही. आरतीला जायच्या आधी लावून जा.

सुट्टी संपून एखादा पुण्याला परतला की त्याचं पात्र तुमच्या पार्टीत जागा अडवून बसतं. छावणीत विदर्स नावाच्या पात्राकडे एक कपाट आहे, त्यात अशा गैरहजर मित्रांची पात्रं ठेवता येतात. परत आला की काढा.

डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ खेळणार असाल तर चौघांपैकी कुणी अनडेड घेतोय का ते आधी विचारा. तिथे माणूस, एल्फ, ड्वार्फ, लिझर्ड या चारही वंशांचा सांगाडा होऊन खेळता येतं, आणि सांगाड्याचे नियम उलटे: औषधाने मार बसतो, विषाने जखमा भरतात. मित्राने प्रेमाने उपचाराचा मंत्र टाकला की हा मेला. त्याच्यासाठी विषाच्या बाटल्या वेगळ्या काढा. लोकांसमोर जाताना चेहरा झाकायलाही हवा, नाही तर लोक अंगावर धावून येतात. मोबदल्यात हाडांची बोटं कुलपात घालून कुलूप उघडता येतं. याच गेमचा एल्फ प्रेतांचे अवयव खाऊन त्यांच्या आठवणी मिळवतो. श्रावण पाळणाऱ्यांनी लिझर्ड घ्यावा, तो फावड्याशिवाय जमीन उकरतो.

एखाद्या वंशाला एखादा क्लास बंद असतो, तो कुठे?

ड्रॅगन एज मालिकेत ड्वार्फ जादूगार होऊ शकत नाही. त्या जगात जादू फेड नावाच्या स्वप्नलोकातून येते आणि ड्वार्फांचा त्याच्याशी संबंधच नाही. ओरिजिन्समध्ये (२००९) वंशावरून सुरुवातीची कथाच बदलते, एकूण सहा सुरुवाती आहेत, आणि त्यातल्या ड्वार्फांच्या दोन सर्वांत सरस. दुसऱ्या भागात (२०११) निवडच नाही, पात्र माणूसच. इन्क्विझिशनमध्ये (२०१४) शिंगवाला कुनारी घेता येतो, पण शिंगांमुळे नेहमीची शिरस्त्राणं बसत नाहीत. त्याऐवजी चेहऱ्यावर विटार नावाचा लेप लावायचा.

पहिले दोन बाल्डर्स गेट (१९९८ आणि २०००) जुन्या नियमांवर चालतात, आणि नवी आवृत्ती फोनवरही मिळत असल्याने हा प्रश्न अजून येतो. तिथे पॅलॅडिन फक्त माणूस. एकाच वेळी दोन-तीन क्लास घेऊन चालणं फक्त माणसाखेरीज इतरांना. माणसाला मध्येच क्लास बदलता येतो, पण पहिल्या क्लासचा मुख्य गुण १५ आणि नव्याचा १७ हवा, आणि नवा क्लास जुन्याच्या लेव्हलपुढे जाईपर्यंत जुनं सगळं विसरायचं. पात्र करतानाच १७ ठेवला नाही तर पुढे हे दार बंद, आणि कारण गेम धड सांगत नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये बहुतेक वंशांबरोबर पक्ष ठरतो, अलायन्स किंवा होर्ड. २०२२ पासून दोन पक्षांचे खेळाडू डन्जनमध्ये एकत्र जाऊ शकतात, तरी मित्रांसोबत खेळायचं असेल तर आधी विचारून घेतलेलं बरं.

मागाहून वंश बदलता येतो का?

गेमवर आहे. ऑब्लिव्हियनमध्ये सुरुवातीच्या गटारातून बाहेर पडताना गेम स्वतः विचारतो, सगळं परत बदलू देतो. तिथे एक वेगळा सेव्ह ठेवलात तर पुढच्या प्रत्येक पात्राची पहिली पाऊण तासाची कटकट वाचते.

स्कायरिम असं विचारत नाही. डॉनगार्ड विस्तार असेल तर रिफ्टनच्या भुयारी गुत्त्यात १००० सोन्याला चेहरा बदलून मिळतो, वंश नाही. पीसीवर कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘शोरेसमेन्यू’ ही आज्ञा आहे. पण मधल्या लेव्हलला वंश बदलला तर कौशल्यांचे नि हेल्थचे आकडे बिघडू शकतात. आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि बदल फक्त सुरुवातीच्या तासाभरात करा. मॉडने आणलेला वंश असेल तर ते मॉड मध्येच काढू नका. सेव्हमधल्या पात्राचं शरीरच गेमला सापडत नाही.

बाल्डर्स गेट ३ मध्ये विदर्स १०० सोन्यात क्लास आणि गुण नव्याने वाटू देतो. सप्टेंबर २०२३ च्या तिसऱ्या पॅचपासून छावणीत आरसा आहे, त्यात चेहरा, केस, आवाज बदलता येतो. वंश आणि उपवंश दोन्हीकडे बदलत नाही. वॉरक्राफ्टमध्ये बदलतो, पण खरे पैसे भरून.

एल्डन रिंगमध्ये वंश दिसतच नाही, माझ्याकडे काही बिघडलंय का?

काही नाही. तिथे वंश नाहीच, १० सुरुवातीचे क्लास आहेत आणि चेहरा हवा तसा.

वंशावरून अमका हुशार, तमका दांडगट असं ठरवणं मुलांना शिकवायचं का?

हा प्रश्न पालक विचारतात आणि रास्त आहे. गेम बनवणाऱ्यांनाही तो पडला. या सगळ्या गेमचं मूळ म्हणजे १९७४ चा टेबलावर खेळायचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स. त्यात दीर्घकाळ वंशानुसार गुण कमी-जास्त होत. २०२४ च्या नियमपुस्तकात त्यांनी ‘रेस’ हा शब्दच काढून ‘स्पीशीज’ केला आणि गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली: तो शेतकरी होता की शिपाई, त्यावर. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या टेबलावरच्या गेमने २०१९ मध्येच ‘अ‍ॅन्सेस्ट्री’ शब्द घेतला होता. ड्रॅगन एजच्या २०२४ च्या भागात ‘लिनिएज’ आहे. मराठीत ‘वंश’ या तिन्हींना पुरतो.

बाकी, बाल्डर्स गेट ३ आणि स्कायरिम हे दोन्ही लहान मुलांसाठी नाहीत. रक्तपात भरपूर, आणि पहिल्यात नग्नताही आहे. ती सेटिंगमधून झाकता येते.

पावसात पात्र तयार करताना वीज गेली, सगळं गेलं. काही उपाय?

पात्र तयार करण्याच्या पडद्यावर गेम सेव्ह करता येत नाही, आणि नेमकं तिथेच लोक भुवया नि शिंगांवर दीड तास घालवतात. सत्तरी-पेडण्याकडे जून-जुलैत हे ठरलेलं. इन्व्हर्टरवर फक्त टीव्ही-पंखा असेल तर पीसीला छोटा यूपीएस लावा, दहा मिनिटं मिळाली तरी पुरतात. ते नसेल तर क्रम बदला. बाल्डर्स गेट ३ असेल तर आधी कागदावर वंश, उपवंश, क्लास आणि २७ पॉइंटची वाटणी लिहून काढा. गेममध्ये ते पाच मिनिटांत भरा, चेहरा आहे तसा सोडा आणि पुढे जा. गेम जहाजावर सुरू होतो, तिथे पात्र हातात आलं की लगेच सेव्ह. चेहरा नंतर छावणीतल्या आरशात बसून निवांत करा, तेव्हा वीज गेली तर गेलेल्या असतील फक्त भुवया.